महाविद्यालयाच्या बालवाडीत मुलांजवळ नेमके कोण असते?

प्रश्न : अनगोळची एक आई

सर्वांना नमस्कार. माझ्या मुलीला एप्रिलमध्ये ३ वर्षे पूर्ण होत आहेत आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की तिला बालवाडीत घालायचे असे आम्ही ठरवले आहे. मी एका पतसंस्थेत नोकरीला आहे, यजमान उद्यमबागेतील एका फाउंड्रीत आहेत, आणि आजवर मुलीला सांभाळणाऱ्या सासूबाईंना आता तिच्यामागे धावणे झेपत नाही. घरापासून जवळच्या बालवाड्यांपैकी एक बालवाडी बेळगाव शहरातील एका महाविद्यालयाचा बालविकास विभाग चालवतो आणि ती महाविद्यालयाच्याच आवारात भरते. आवार मोठे आहे, आंब्याची झाडे आहेत, वाळूचा हौद आहे आणि एका वर्गात २५ पेक्षा जास्त मुले घेत नाहीत, त्यामुळे आम्हा दोघांचाही ओढा तिकडे आहे.

मागच्या आठवड्यात मी तेथे जाऊन आले आणि त्या भेटीनंतर मनात प्रश्न उभे राहिले. वर्गात २२ मुले होती आणि त्यांच्याजवळ एक मुख्य शिक्षिका, एक साहाय्यक शिक्षिका, एक मावशी आणि सात-आठ विद्यार्थिनी होत्या. विद्यार्थिनी भिंतीशी खुर्च्या टाकून वह्यांमध्ये काहीतरी टिपून घेत होत्या. चौकशी केल्यावर समजले की ते त्यांच्या अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिक आहे. त्या सहा आठवडे येतात आणि मग दुसरी तुकडी येते. विभागप्रमुख मॅडमची बालवाडीवर देखरेख असते, पण त्या बहुतेक वेळ महाविद्यालयात तास घेत असतात.

माझी मुलगी माणसाला लवकर सरावत नाही आणि एकदा सरावली की सोडत नाही. शेजारच्या काकू घर बदलून सदाशिवनगरला राहायला गेल्या तेव्हा ती पंधरा दिवस त्यांच्या बंद दाराशी जाऊन बसत असे. दर सहा आठवड्यांनी तिला जीव लावणारी कोणी ताई निघून गेली तर तिचे काय होईल, याची मला काळजी वाटते. इतक्या माणसांत मुलांची जबाबदारी खरोखर कोणाची असते? शिक्षिकांचे शिक्षण काय असावे लागते? त्या किती वर्षांपासून तेथे आहेत आणि त्यांना पगार व्यवस्थित मिळतो का, हे पालकाने विचारणे वावगे ठरेल का? आणखी एक गोष्ट म्हणजे आमच्या घरी मराठी आहे, खालच्या मजल्यावर कन्नड बोलणारे कुटुंब आहे, त्यामुळे मुलगी घरात पाणी मागते आणि खाली गेली की नीरू मागते. अशा मुलीशी बालवाडीतील बाईंनी कोणत्या भाषेत बोलावे? ज्यांची मुले अशा बालवाडीत गेली आहेत किंवा ज्यांनी तेथे काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : शहापूरच्या एक निवृत्त बालवाडी शिक्षिका

ताई, मी एका महाविद्यालयाच्या बालवाडीत २४ वर्षे काम केले आहे, त्यामुळे तुम्ही वर्णन केलेला वर्ग माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा उभा राहिला. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की मुलांची जबाबदारी मुख्य शिक्षिकेची असते, परंतु मुलांचा भरवसा पुष्कळदा मावशींवर असतो, आणि या दोघी जर वर्षानुवर्षे त्याच जागी असतील तर बाकीची माणसे कितीही आली-गेली तरी मूल सैरभैर होत नाही. म्हणून रंगवलेल्या भिंती आणि कपाटातील खेळणी पाहण्याआधी मुख्य बाई आणि मावशी तेथे किती वर्षे आहेत ते अवश्य विचारा. हा प्रश्न कोणालाही वावगा वाटू नये, आणि वाटला तर त्यातूनही तुम्हाला बरेच काही कळेल.

एक प्रसंग सांगते. जुलै महिना होता, तीन दिवस झड लागलेली होती आणि येळ्ळूरहून वडिलांच्या मोटारसायकलवर येणारा साडेतीन वर्षांचा एक मुलगा कमरेपासून खाली चिंब भिजून वर्गात आला. चड्डी ओली झाली म्हणून आपल्याला कोणीतरी हसेल या भीतीने तो दारातच भिंतीला तोंड करून रडू लागला. मी दुसऱ्या एका मुलाची पट्टी बांधत होते. मावशींनी कोणाला काही न विचारता त्याच्या खुंटीवरची कापडी पिशवी काढली. आमच्याकडे प्रत्येक मुलाच्या खुंटीवर नावाऐवजी चित्र असे आणि त्याचे चित्र मासा होते. मावशी त्याला कपाटाच्या आडोशाला घेऊन गेल्या, पाय कोरडे केले, पिशवीतील कपडे घातले, मोजे पिळून खिडकीच्या गजांवर टाकले आणि त्याच्या मुठीत चार चुरमुरे देऊन म्हणाल्या, ‘मासा भिजला म्हणून कधी रडतो का रे?’ तो हसला नाही, पण रडायचा थांबला आणि मावशींच्या पदराचे टोक धरून अर्धा तास त्यांच्यामागून फिरत राहिला.

त्या दिवशी निरीक्षणाला बसलेल्या विद्यार्थिनीची वही मी नंतर पाहिली. तिने लिहिले होते की मूल ९ वाजून १० मिनिटांनी रडू लागले आणि ९ वाजून २२ मिनिटांनी थांबले. अक्षर सुंदर होते, वेळा बिनचूक होत्या, परंतु मावशींचा उल्लेख कोठेही नव्हता. मी तिला विचारले, ‘मधल्या बारा मिनिटांत काय झाले?’ ती गोंधळली, कारण निरीक्षण मुलाचे करायचे असते असे तिला शिकवले गेले होते. त्या मुलीचा यात दोष नव्हता. तिने ते पान पुन्हा लिहिले आणि पुढच्या महिनाभरात ती स्वतः मावशींच्या शेजारी बसून मुलांचे हातपाय धुऊ लागली. चांगल्या बालवाडीत प्रशिक्षणार्थी मुली असेही काही शिकतात आणि ते कोणत्याही पुस्तकातून शिकता येत नाही.

आपल्याकडे लोकांना मावशी म्हणजे झाडलोट करणारी बाई वाटते. पण इटलीतील बालशिक्षणतज्ज्ञ डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले, तेव्हा मुलांजवळ राहण्यासाठी त्यांनी त्या इमारतीच्या रखवालदाराच्या मुलीला नेमले होते. ती प्रशिक्षित शिक्षिका नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले तेव्हा दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि तेथूनच अंगणवाडी हा शब्द आला; त्या अंगणात मुलांना न्हाऊ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हे शिक्षणाचेच काम होते. यावरून प्रशिक्षणाची गरज नाही असे मला म्हणायचे नाही. मुलाला हात लावणारे प्रत्येक माणूस शिक्षकच असते, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि मावशींना पालकसभेत बाईंच्या शेजारी खुर्ची मिळते की त्या दारात उभ्या राहतात, याकडे तुम्ही जरूर लक्ष द्या.

शिक्षणाबद्दल सांगायचे तर आता पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका असते आणि तिला डी.पी.एस.ई. म्हणतात, ती राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या मान्यतेची असते. माझ्या वयाच्या अनेक शिक्षिकांकडे माँटेसरीचे किंवा नर्सरी प्रशिक्षणाचे जुने प्रमाणपत्र असते. महाविद्यालयाच्या बालवाडीत बालविकास या विषयातील पदवी घेतलेल्या शिक्षिकाही असतात. प्रमाणपत्र असावेच, परंतु प्रमाणपत्र असलेली बाई मुलाशी बोलताना खाली बसते की उभ्यानेच बोलते, हे तुम्हाला पाच मिनिटांत दिसेल.

भाषेच्या बाबतीत माझा अनुभव फार आनंदाचा आहे. आमच्या मावशी कन्नड घरातील होत्या, मी मराठी, आणि मुले दोन्हीकडची. मूल ज्या भाषेत रडते त्या भाषेत त्याला समजवायचे, हा आमचा साधा नियम होता. मूल नीरू म्हणाले तरी पाणीच मिळत असे, आणि पेला हातात देताना ‘घे, पाणी’ एवढेच आम्ही म्हणत असू. चूक म्हणून कोणाला कधी थांबवले नाही. बाईंनी तुमच्या मुलीशी मराठीतच बोलावे; कन्नड ती शेजारच्या मुलाबरोबर वाळूत खेळताना आपोआप शिकेल.

उत्तर : खानापूर रस्त्यावरील एक पालक

बाईंनी जे लिहिले त्याची उलट बाजू आम्ही अनुभवली आहे, म्हणून लिहितो. आमचा मुलगा दोन वर्षांपूर्वी अशाच एका संस्थेच्या बालवाडीत होता. संस्थेचे नाव येथे घेणे मला योग्य वाटत नाही. इमारत नवीन होती, खेळाचे साहित्य भरपूर होते आणि आवारात कॅमेरे होते. जून ते जानेवारी या काळात त्याच्या वर्गाच्या तीन शिक्षिका बदलल्या. पहिल्या बाई चांगल्या पगाराची नोकरी मिळाल्याने गेल्या, दुसऱ्या बाईंना सुट्टी मिळेना म्हणून त्यांनी काम सोडले, आणि तिसऱ्या बाई आल्या तेव्हा आमच्या मुलाने त्यांच्याशी बोलणेच बंद केले. घरी तो व्यवस्थित बोलत असे, आजीला गोष्टी सांगत असे, परंतु वर्गात दोन महिने त्याने तोंड उघडले नाही. लघवी लागली तरी तो सांगत नसे. आम्ही डॉक्टरांकडेही गेलो आणि मुलात काही दोष नाही असे त्यांनी सांगितले.

मला सर्वांत जास्त खटकले ते असे की बाई बदलल्याचे आम्हाला प्रत्येक वेळी मुलाच्या वागण्यावरून कळले, कार्यालयाकडून कधीही कळले नाही. फी वाढल्याची चिठ्ठी मात्र डायरीत वेळेवर येत होती. ताई, तुम्ही पगाराविषयी विचारावे असे माझे स्पष्ट मत आहे. आकडा विचारू नका, पण पगार बारा महिन्यांचा मिळतो का आणि गेल्या तीन वर्षांत किती जणींनी काम सोडले, हे अवश्य विचारा.

उत्तर : धारवाडला शिकलेल्या एक प्राध्यापिका

वरील दोन्ही उत्तरांतील कळकळ मला पटते. मी स्वतः एका महाविद्यालयात मानव विकास हा विषय शिकवते आणि आमच्या विभागाच्या बालवाडीची देखरेख काही वर्षे माझ्याकडे होती. प्रशिक्षणार्थी मुलींची ये-जा मुलांना बाधतेच, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

महाविद्यालये बालवाड्या का चालवतात, हे आधी समजून घ्यावे लागेल. शिकागो विद्यापीठात अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १८९६ मध्ये प्रयोगशाळा म्हणून शाळा सुरू केली, तेव्हापासून शिक्षणशास्त्र शिकणाऱ्यांच्या जवळ खरी मुले असावीत हा विचार जगभर पसरला. आपल्याकडे गृहविज्ञान महाविद्यालयांनी तो उचलला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची चेतन बालवाडी आणि दिल्लीच्या लेडी अर्विन महाविद्यालयाचे १९५५ मधील राजकुमारी अमृत कौर बाल अध्ययन केंद्र ही त्यांपैकी ठळक नावे आहेत, आणि आपल्या जवळचे म्हणाल तर धारवाडचे ग्रामीण गृहविज्ञान महाविद्यालय (आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय) १९७४ पासूनचे आहे. या व्यवस्थेत विभागप्रमुख आखणी करतात, मुख्य शिक्षिका वर्ग चालवतात, साहाय्यक शिक्षिका आणि मावशी मुलांजवळ असतात आणि विद्यार्थिनी शिकायला येतात. जोवर ही उतरंड सर्वांना स्पष्ट असते तोवर मुलांचा फायदाच होतो, कारण वाळूत बसून एका मुलाचे बोलणे वीस मिनिटे ऐकणारे माणूस साध्या बालवाडीत सहसा मिळत नाही.

केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षण धोरणात ३ ते ६ वर्षांच्या २० मुलांमागे एक आणि ३ वर्षांखालील १० मुलांमागे एक मोठे माणूस असावे असे म्हटले आहे, तसेच ३० मुलांच्या गटासाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली असावी असेही म्हटले आहे. २२ मुलांमागे दोन शिक्षिका आणि एक मावशी म्हणजे तुम्ही पाहिलेला वर्ग या मापात व्यवस्थित बसतो. मात्र हे माप लावताना विद्यार्थिनींना मोजायचे नाही. परीक्षा आली की त्या येत नाहीत, महाविद्यालयाला सुट्टी लागली की येत नाहीत, आणि त्या दिवशीही बालवाडी तितकीच नीट चालली पाहिजे. आमच्याकडे एका वर्षी त्यांच्या भरवशावर साहाय्यक शिक्षिकेची जागा रिकामी ठेवली गेली आणि मार्चमध्ये मुख्य बाई एकट्या पडल्या. एका दुपारी त्या एका मुलाला उलटी झाली म्हणून बाहेर घेऊन गेल्या आणि तेवढ्या वेळात वर्गात मोठे माणूस कोणीच उरले नाही. काही विपरीत घडले नाही, परंतु ती चूक आमच्या विभागाची होती, आणि देखरेख माझ्याकडे असल्यामुळे माझीही होती. दुसऱ्या वर्षीपासून ती जागा भरल्याशिवाय वर्ग सुरू करायचा नाही असा नियम आम्ही केला.

आता निरोपाविषयी लिहिते, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. आम्ही एका वेळी चारपेक्षा जास्त विद्यार्थिनी वर्गात पाठवत नाही, कारण सात-आठ ही संख्या मला जास्त वाटते आणि त्याबद्दल तुम्ही विभागप्रमुखांना जरूर विचारा. पहिला आठवडा वही आणायची नाही, नुसते मुलांबरोबर बसायचे. शेवटच्या आठवड्यात दर दिवशी मुलांना सांगायचे की ताई आता कॉलेजात जाणार आहे, अजून इतके दिवस येईल. शेवटच्या दिवशी मुले तिला चित्र देतात आणि ती मुलांना टाटा करूनच जाते. न सांगता निघून जाणे आमच्याकडे चालत नाही. तीन वर्षांच्या मुलाला माणूस जाते हे समजते, परंतु ते अचानक नाहीसे झाले तर समजत नाही. तुमची मुलगी शेजारच्या काकूंच्या दाराशी बसली ती बहुधा यामुळेच.

विद्यार्थिनींनी मुलांना स्वच्छतागृहात न्यायचे नाही, ते काम फक्त मावशी आणि शिक्षिका यांचे. मुलांची छायाचित्रे स्वतःच्या मोबाइलमध्ये काढायची नाहीत. एखाद्या मुलाचा विशेष अभ्यास करायचा असेल तर पालकांची लेखी संमती घ्यायची आणि वहीत मुलाचे खरे नाव लिहायचे नाही. हे नियम तेथे लेखी आहेत का ते पाहा.

पगाराचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. प्राध्यापकांचा पगार अनुदानातून येत असला तरी बालवाडीच्या शिक्षिकांचा पगार बहुतेक ठिकाणी मुलांच्या फीमधूनच होतो, आणि एकाच आवारात काम करणाऱ्या दोन शिक्षिकांच्या पगारात त्यामुळे मोठी तफावत असते. मी या तफावतीच्या वरच्या बाजूला उभी आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. शिक्षकांना ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेच्या, कायद्यात आणणारी २००९ ची दुरुस्ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती वैध ठरवली. त्याच वर्षी अंगणवाडी सेविका व मदतनीस यांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल आला. खासगी बालवाड्यांतील कित्येक शिक्षिकांना याची कल्पनाही नसते.

उत्तर : वडगावातील एका मावशींची मुलगी

माझी आई १७ वर्षे एका बालवाडीत मावशी होती. वडील मागावर होते, मंदीच्या दिवसांत माग बंद राहायचा आणि घर आईच्या पगारावर चालायचे. तिला पगार दहा महिन्यांचा मिळायचा. एप्रिल-मे या दोन महिन्यांत ती लोकांच्या घरी पापड-सांडगे करून द्यायची आणि जूनमध्ये बालवाडी उघडण्याच्या आधी चार दिवस विनापगार जाऊन वर्ग धुऊन काढायची, कारण मुले फरशीवर बसतात, असे ती म्हणायची.

तिला प्रत्येक मुलाची सवय पाठ असे. कोणाला दुधाचा वास सहन होत नाही, कोण झोपेत अंगठा चोखतो, कोणाच्या घरी नुकतेच बाळ आले आहे, हे सारे ती रात्री जेवताना आम्हाला सांगायची. बाईंच्या नोंदवहीत त्यातले किती जात होते कोणास ठाऊक. तिला कधी कोणी शिबिराला पाठवले नाही. विद्यार्थिनींचे व्याख्यान असे तेव्हा ती शेजारच्या खोलीत मुलांना झोपवत असे. त्या वर्गात तिलाही बसवले असते तर तिला ते फार आवडले असते. ताई, तुम्ही बालवाडीत जाल तेव्हा मावशींशीही दोन शब्द बोला आणि मुलीच्या सवयी त्यांना स्वतः सांगा.

पुन्हा : अनगोळची एक आई

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार मानते. काल मी अर्ध्या दिवसाची रजा काढून पुन्हा तेथे गेले आणि या वेळी मुलीलाही बरोबर नेले.

मुख्य बाई ११ वर्षांपासून आहेत आणि मावशी १४ वर्षांपासून आहेत, हे बाईंनी न अडखळता सांगितले. साहाय्यक शिक्षिका मागच्या जूनमध्ये आल्या आणि त्यांच्या आधीच्या बाई एकच वर्ष होत्या. पगार बारा महिन्यांचा आहे का, असे विचारल्यावर बाई क्षणभर थांबल्या आणि ‘माझा आहे, मावशींचा नाही’ असे म्हणाल्या. ते उत्तर ऐकून मला वाईट वाटले, परंतु त्यांनी ते लपवले नाही याचा आधारही वाटला. विभागप्रमुख मॅडमना मी विद्यार्थिनींच्या संख्येविषयी विचारले. दोन तुकड्या एकत्र आल्यामुळे त्या आठवड्यात गर्दी झाली होती, एरवी पाच असतात, असे त्यांनी सांगितले. लेखी नियम मागितले तेव्हा छायाचित्रांचा आणि संमतीचा नियम कागदावर दाखवला. स्वच्छतागृहाचा नियम पाळला जातो पण लिहिलेला नाही, तो लिहून घेऊ, असे त्या म्हणाल्या. जूनमध्ये मी तो कागद पुन्हा मागणार आहे.

हे बोलणे चालू असताना मुलगी माझा हात सोडून केव्हा गेली ते मला कळले नाही. पाहते तर ती नळाजवळ मावशींच्या समोर उकिडवी बसली होती. मावशी मुलांचे रंगाचे ब्रश धूत होत्या आणि धुतलेला एकेक ब्रश तिच्या हातात देत होत्या, आणि ती तो फडक्यावर ओळीने मांडत होती. दोघींपैकी कोणीही काही बोलत नव्हते. मी मावशींना सांगितले की ही पाण्याला कधी कधी नीरू म्हणते. त्या म्हणाल्या, ‘म्हणू दे की, माझी नातपण म्हणते.’

आम्ही तेथेच प्रवेश घेत आहोत. मावशींच्या दोन महिन्यांच्या पगाराचा विषय पालकसभेत काढावा असे यजमानांचे मत आहे, परंतु आपण नवीन पालक, पहिल्याच सभेत बोलावे की वर्षभर थांबावे, याबद्दल माझा निर्णय होत नाही. शिवाय पहिल्या आठवड्यात मुलीला किती वेळ ठेवावे, तेही कृपया सांगा.

उत्तर : शहापूरच्या एक निवृत्त बालवाडी शिक्षिका

ताई, पगाराचा विषय पहिल्या सभेत एकट्याने काढू नका, पण वर्षभर थांबूही नका. ज्यांचे मूल आता मोठ्या गटात आहे अशा दोन-तीन पालकांना आधी भेटा, त्यांना मावशींची दोन वर्षांची माया माहीत असते आणि ते तुमच्याबरोबर उभे राहतील. दर मुलामागे फी किती वाढवली तर दोन महिन्यांचा पगार निघतो, याचा हिशेब कागदावर करून न्या. तुम्ही पतसंस्थेत आहात, हे काम तुम्हीच उत्तम कराल. मात्र त्याआधी मावशींना विचारा. त्यांच्या नावाने सभेत काही मागायचे तर ते त्यांना चालले पाहिजे.

पहिले तीन दिवस मुलीला एकच तास ठेवा आणि तुम्ही किंवा सासूबाई आवारात, तिला दिसेल अशा ठिकाणी बसा. चौथ्या दिवसापासून वेळ वाढवा. निघताना नजर चुकवून जाऊ नका, ती रडली तरी सांगूनच जा आणि सांगितलेल्या वेळी दारात हजर राहा. खुंटीवरचे चित्र तिला स्वतः निवडू द्या. पिशवीत कपड्यांचे दोन जोड ठेवा, कारण जूनमध्ये आपल्याकडे धुतलेला कपडा दुसऱ्या दिवशीही दमटच असतो.